चौथ्या ओळींतला नट

चित्रपटाच्या आरंभीं पडद्यावरून जी नामावळी सरकत जाते, तींतलीं पहिलीं दोन नांवें प्रेक्षक वाचतात. तिसरें वाचतां वाचतां शेजारच्याशीं बोलूं लागतात. आणि चौथ्या ओळीपाशीं बहुतेकांचें लक्ष खुर्चींत नीट सरकून बसण्याकडे गेलेलें असतें. या महिन्याच्या सदरासाठीं आम्हीं त्या चौथ्या ओळींतला एक नट निवडला आहे. त्याचें नांव बेन जॉन्सन. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस हें नांव ऐकतांच शेक्सपिअरचा समकालीन नाटककार आठवेल. पण हा तो नव्हे. हा अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांतला गुराखी. याच्या हातून एकही नाटक लिहिलें गेलें नाहीं. उलट, फार शब्द बोलावे लागतील म्हणून एक भूमिका तो नाकारीत होता, आणि नेमकी तीच पुढें त्याच्या कीर्तीचा कळस ठरली.

अमेरिकेच्या पश्चिम भागांतील गुराखी, घोडदळाचे शिपाई, दरोडेखोर आणि तेथील मूळ रहिवासी यांच्या कथा सांगणाऱ्या चित्रपटांस 'वेस्टर्न' म्हणतात, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहेच. या जातीचे पुष्कळसे चित्रपट एकाच सांच्यांतून काढलेले असतात, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. गांवांत एक अनोळखी स्वार येतो, गांवावर एका दुष्टाची सत्ता असते, आणि शेवटीं धूळ उडते. परंतु या चित्रपटांत एक गोष्ट लपवितां येत नाहीं. घोड्यावर बसलेला मनुष्य खरोखर त्या घोड्याचा आहे कीं स्टुडिओनें त्याला वर बसविलें आहे, हें पहिल्या दहा पावलांतच कळतें. बेन जॉन्सनची सारी किंमत प्रथम तेथें होती. घोडा भरधांव असतां त्याचें कमरेवरचें अंग जवळजवळ स्थिर असे. त्याच्याइतका सहज बसणारा स्वार पडद्यावर दुसरा झाला नाहीं, असें ज्यांना घोड्यांचें कळतें ते म्हणतात. आम्हांस घोड्यांचें फारसें कळत नाहीं, तरी पाहतांना तें पटतें.

त्याचा जन्म १३ जून १९१८ रोजीं फोरॅकर या लहानशा गांवीं झाला. तो सारा परगणा ओसेज नांवाच्या मूळ रहिवासी लोकांचा. त्यांच्या जमिनीखालीं तेल सांपडलें, त्या तेलाच्या लोभानें १९२० च्या दशकांत त्यांच्यांतील कित्येकांचे खून पडले, आणि ती हकीकत मार्टिन स्कॉर्सेसी यानें २०२३ सालीं 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' या चित्रपटांतून जगापुढें मांडली. बेनचें बालपण त्याच काळांत, त्याच मुलखांत गेलें. मात्र तेलाच्या विहिरींपाशीं नव्हे, तर गवतांत. बापाचें नांवही बेनच. चॅपमन-बार्नार्ड नांवाचें सुमारें एक लक्ष एकरांचें गुरांचें रान होतें. त्यावर बाप मुकादम होता, आणि धांवत्या बैलावर दोराचा फांस टाकून त्याला पाडण्याच्या विद्येंत त्याचा मोठा लौकिक होता. त्या रानाचा बराचसा भाग आज उंच गवताच्या कुरणांचें अभयारण्य म्हणून राखला गेला आहे व १९९३ पासून तेथें पुन्हां रानरेडे चरूं लागले आहेत. मुलानें शाळेपेक्षां हें रानच अधिक वाचलें. मजुरी दिवसाला एक डॉलर.

१९४० सालीं हॉवर्ड ह्यूझ नांवाच्या धनाढ्य निर्मात्यास 'द आउटलॉ' या चित्रपटासाठीं घोडे हवे होते. ते ओक्लाहोमांतून ॲरिझोनांत पोंचविण्याचें काम बेनकडे आलें. या कामाबद्दल त्याच्या हातांत तीनशें डॉलर पडले. म्हणजे त्याच्या मजुरीच्या मानानें दहा महिन्यांची कमाई. यानंतर काठी घेऊन मागें लागलें असतें तरी मी ओक्लाहोमास परतलों नसतों, असें तो पुढें हंसत सांगे. आपण घोड्यांनीं भरलेल्या डब्यांतून हॉलिवुडास आलों, हेंही तो सांगे, आणि तें सांगतांना त्याला कमीपणा वाटत नसे. १९४१ सालीं त्याचें कॅरल हिच्याशीं लग्न झालें. तिचा बाप 'फॅट' जोन्स हा हॉलिवुडच्या चित्रपटांस घोडे भाड्यानें पुरविणारा मोठा तबेलेवाला होता. हा संसार १९९४ सालीं कॅरल वारली तोंपर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षें टिकला. हॉलिवुडांतील विवाहांचें आयुर्मान ज्यांस ठाऊक आहे त्यांस या आंकड्याचें महत्त्व सांगावयास नको.

पहिलीं सात वर्षें त्याचा चेहरा कोणास दिसला नाहीं. नायकाचा पोशाख घालून, नायकाच्या ऐवजीं घोड्यावरून कोसळावयाचें, दरींतून दौडावयाचें, धांवत्या गाडीवर उडी घ्यावयाची, आणि कॅमेरा जवळ येऊं लागला कीं बाजूला व्हावयाचें, असें हें काम. जॉन वेन, गॅरी कूपर यांच्यासारख्यांच्या शौर्याचा कांहीं अंश अशा रीतीनें याच्या हाडांनीं कमावलेला आहे. १९४७ सालीं जॉन फोर्ड हा नामवंत दिग्दर्शक 'फोर्ट अपाची' हा चित्रपट घेत असतां एका गाडीचे घोडे बिथरले व तीन माणसांसह गाडी उधळली. जॉन्सन त्या वेळीं हेन्री फोंडाच्या बदलीचा स्वार म्हणून तेथें होता. त्यानें घोडा घातला, पळतीं जनावरें आवरलीं आणि माणसें वांचलीं. याचें बक्षीस तुला मिळेल, असें फोर्ड म्हणाला. जॉन्सनची अपेक्षा एवढीच कीं, पुढच्या चित्रपटांतही आपणांस बदलीचें काम मिळावें. पण त्याच्यापुढें आला तो सात वर्षांचा करार. त्याच्याच सांगण्याप्रमाणें, पांचव्या ओळींत आठवड्यास पांच हजार डॉलर हा आंकडा दिसतांच त्यानें वाचन तेथेंच थांबविलें आणि सही केली. आमच्या वकील वाचकांस ही रीत पसंत पडणार नाहीं.

येथून तीन वर्षें त्याचें नशीब भरतीवर होतें. 'शी वोअर अ यलो रिबन' (१९४९) मधील सार्जंट टायरी हा त्याचा पहिला अविस्मरणीय माणूस. मॉन्युमेंट व्हॅलीच्या तांबड्या सुळक्यांखालून तो पाठलाग चुकवीत दौडतो, तें दृश्य केवळ त्याच्यासाठीं पहावें असें आहे. 'मायटी जो यंग' (१९४९) मध्यें तर तो नायकच होता, जरी खरा नायक एक प्रचंड माकड असलें तरी! 'वॅगन मास्टर' (१९५०) मध्यें एका धर्मपंथाच्या लोकांचा तांडा वाळवंटापार नेणाऱ्या दोघां तरुणांपैकीं एक तो, व दुसरा त्याचा जिवलग मित्र हॅरी केरी धाकटा. हा चित्रपट मुलांलेंकरांसह घरांतील सर्वांनीं पहावा अशी आमची शिफारस आहे. त्यांत मारामारी थोडी, गाणीं पुष्कळ, आणि माणसें भलीं आहेत. 'रिओ ग्रांदे' (१९५०) साठीं त्यानें व केरीनें तीन आठवडे खपून दोन घोड्यांच्या पाठींवर एकेक पाय ठेवून उभ्यानें दौडण्याचा अभ्यास केला. तें काम बदलीच्या माणसांकडून करवून घेतां आलें असतें. पण बदलीचीं कामें करून वर आलेल्या माणसानें आपल्या बदलीस दुसरा उभा करावा, हें त्याला कसें रुचावें?

'रिओ ग्रांदे'च्याच मुक्कामीं तें प्रकरण घडलें. जॉन फोर्ड हा असामान्य प्रतिभेचा दिग्दर्शक होता, तसाच तो असामान्य तोंडाळही होता. आपल्या नटांपैकीं एखाद्याला सर्वांदेखत फैलावर घेऊन रडकुंडीस आणणें हा त्याचा नित्याचा खेळ असे. जॉन वेनसारखा आडदांड नटही तें खालच्या मानेनें सोशी, कारण फोर्डच्या हातून मिळणारें काम दुसरीकडे मिळत नसे. पुढें 'मिस्टर रॉबर्ट्स'च्या वेळीं तर यानें हेन्री फोंडाच्या तोंडावर ठोसा मारला. तर त्या सायंकाळीं भोजनाच्या टेबलावर जॉन्सन केरीशीं हळू आवाजांत बोलत होता. आज गोळ्या तर पुष्कळ सुटल्या, पण इंडियन फारसे पडले नाहींत, अशा अर्थाची कांहींतरी थट्टा त्यानें केली. ती फोर्डच्या कानीं गेली. काय म्हणालास, म्हणून त्यानें दरडावून विचारलें. जॉन्सननें केरीशीं बोलत होतों असें सांगितलें. त्यावर फोर्डनें त्याला मूर्ख म्हणून हांक मारून पुन्हां तोच प्रश्न केला. टेबलावर शांतता पसरली. जॉन्सन उठला, फोर्डच्या खुर्चीपाशीं गेला, त्याच्या कानाशीं वांकून या चित्रपटाचें त्यानें काय करावें तें दोन शब्दांत सांगितलें, आणि निघून गेला. केरीनें आपल्या आठवणींत ही हकीकत दिली आहे. ते दोन शब्द येथें छापण्याजोगे नाहींत.

काम अर्थात् पुरें झालें. उरलेले दिवस फोर्ड त्याच्याशीं अत्यंत सभ्यपणानें वागला, आणि सभ्यपणानेंच त्याला विसरला. त्यानंतरच्या तेरा वर्षांत फोर्डनें एकाहून एक चित्रपट काढले. 'द सर्चर्स' त्यांतलाच. त्यांत केरी आहे, वेन आहे, फोर्डच्या पंक्तीचे जुने सगळे आहेत. जॉन्सन नाहीं. शिवीगाळ झाली असती तर कदाचित् समेट झाला असता. येथें भांडणच उरलें नव्हतें.

या ठिकाणीं त्याच्या थट्टेविषयीं एक शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. 'इंडियन पडले नाहींत' ही थट्टा करणारा मुलगा ओसेज लोकांच्या परगण्यांत वाढला होता, आणि फोर्डच्या चित्रपटांत पडणारे हे 'इंडियन' पुष्कळदां त्याच भूमीचे खरे मूळ रहिवासी असत. रोजावर घोड्यावरून पडून ते घरीं जेवावयास जात. ज्यांची जमीन गेली त्यांनींच ती कशी गेली याचें नाटक मजुरीवर करून दाखवावें, यांत जें कांहीं आहे तें त्या टेबलावरील कोणासच, जॉन्सनलाही, त्या काळीं खुपलेलें दिसत नाहीं. फोर्डला तें पुढें खुपलें. म्हातारपणीं त्यानें 'शायेन ऑटम' (१९६४) हा चित्रपट त्या लोकांच्या बाजूनें काढण्याचा प्रयत्न केला, आणि योगायोग असा कीं, जॉन्सनला त्यानें पुन्हां बोलाविलें तें याच चित्रपटांत, एका साध्या शिपायाच्या लहानशा भूमिकेसाठीं. तो गेला. मधल्या तेरा वर्षांविषयीं दोघांत बोलणें झाल्याचें कोठें नमूद नाहीं.

त्या वर्षांत त्यानें काय केलें? 'शेन' (१९५३) मध्यें नायकाशीं प्रथम मारामारी करून मागाहून त्याला सावध करणारा गुंड रंगविला. दुष्टपणांतून हळूहळू लाज उमटत जाते, ती त्यानें फारसें न बोलतां दाखविली आहे. पण १९५३ हें सालच त्यानें हॉलिवुडला दिलें नाहीं. त्याचा बाप फांस टाकण्याच्या खेळांतला नामांकित. मुलाला वाटलें कीं आपणही एकदां तें पाहावें. अमेरिकेंत या खेळांच्या सामन्यांस 'रोडिओ' म्हणतात. त्यांतील ज्या प्रकारांत तो उतरला, त्यांत दोन स्वार एका सुटलेल्या बैलामागें लागतात. एक शिंगांत फांस टाकून बैलाला वळवितो, दुसरा त्याच क्षणीं मागच्या पायांत फांस घालतो, आणि काल सेकंदांत मोजला जातो. या खेळांत पगार नाहीं. प्रवेशाची फी स्वतः भरावयाची, घोडा स्वतः न्यावयाचा, गांवोगांवचा प्रवास स्वतः करावयाचा. जिंकलें तर बक्षिसांत वांटा, हरलें तर पुढच्या गांवचा रस्ता. वर्ष संपलें तेव्हां बेन जॉन्सन जगज्जेता ठरला होता. हिशेब मांडला तेव्हां गांठीस तीन डॉलरही नव्हते. होती ती एक खिळखिळी मोटार आणि एक संतापलेली बायको. हें वर्णन त्याचेंच आहे. कॅरलबाईंची बाजू कोणीं लिहून ठेविलेली नाहीं. आमच्या भगिनी ती मनांत सहज भरून घेतील. तरी आयुष्यभर त्यानें सांगितलें कीं, आपणांस सर्वांत अधिक अभिमान या विजयाचा आहे.

हॉलिवुडास तो परतला तो पुन्हां चौथ्या ओळींत. मार्लन ब्रँडोनें स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'वन-आइड जॅक्स' (१९६१) मधील त्याचा दरोडेखोर नीच आहे. सॅम पेकिनपा या दिग्दर्शकाबरोबर 'मेजर डंडी' (१९६५), व त्यानंतर 'द वाइल्ड बंच' (१९६९). हा शेवटचा चित्रपट श्रेष्ठ आहे, तथापि कुटुंबांत बसून पाहण्याजोगा नाहीं. त्यांतील दारू, वेश्या व रक्तपात यांत जॉन्सन पुरता सामील आहे. हें आम्हीं मुद्दाम सांगतों, कारण पुढच्याच हकीकतींत तो अपशब्दांविरुद्ध उभा राहिलेला दिसेल, व वाचक विचारतील कीं हा कसला विवेक? आम्हांसही त्याची संगति पूर्णपणें लागत नाहीं. गोळ्या झाडतांना त्याला संकोच वाटत नसे. घाणेरडा शब्द उच्चारतांना वाटे. आपल्या चित्रपटास आई बसेल, हा विचार त्याच्या मनांत बहुधा जिभेपुरता येत असावा.

१९७० सालीं पीटर बोग्डानोविच हा तरुण दिग्दर्शक 'द लास्ट पिक्चर शो' हा चित्रपट जुळवीत होता. लॅरी मॅक्मर्ट्री याची कादंबरी; टेक्ससमधील एक ओसाड पडत चाललेलें गांव; तेथील तरुण मुलांचा कोंडमारा. त्या गांवांतील चित्रपटगृह, उपाहारगृह आणि बिलिअर्डचा अड्डा यांचा मालक सॅम, ज्याला सारें गांव 'सॅम द लायन' म्हणतें, ही भूमिका जॉन्सननें करावी असा त्याचा हट्ट. जॉन्सननें नकार दिला. कारणें दोन: शब्द फार आहेत, आणि त्यांतले पुष्कळ घाणेरडे आहेत. बोग्डानोविच हा फोर्डचा भक्त. त्यानें म्हाताऱ्याकडे गाऱ्हाणें नेलें. आणि ज्यानें तेरा वर्षें तोंडावर दार लावून घेतलें होतें, त्या फोर्डनें जॉन्सनला टेलिफोन करून विचारलें कीं, जन्मभर जॉन वेनच्या बाजूलाच उभा राहाणार आहेस काय? जॉन्सन तयार झाला. पण अट घालून. आपल्या तोंडचे अपशब्द आपण काढून टाकूं व तीं वाक्यें आपल्या रीतीनें बोलूं. ती अट मान्य झाली.

पडद्यावर तो या चित्रपटांत जेमतेम दहा मिनिटें दिसतो. त्यांतलीं कांहीं मिनिटें एका उथळ तळ्याच्या कांठीं जातात. सॅम मासे धरावयास आला आहे. बरोबर एक तरुण व एक मुका पोर. मासे कांहीं लागत नाहींत. सॅम सांगूं लागतो कीं, वीस वर्षांपूर्वीं एका तरुण स्त्रीला घेऊन आपण याच तळ्यावर येत असूं. तिला लग्नाचा नवरा होता. घोड्यांवरून तळें पोहून जाण्याची तिनें पैज लावली होती. कॅमेरा हळूहळू जवळ येतो आणि पुन्हां हळूहळू दूर जातो. जॉन्सन हात हलवीत नाहीं, आवाज चढवीत नाहीं. घोड्यावर बसतांना जें त्याचें कमरेवरचें अंग स्थिर राही, तेंच येथें बोलतांना स्थिर आहे. खालून जें काय दौडत आहे तें दौडत आहे. आम्हीं हें दृश्य तीन वेळां पाहिलें, आणि तीनही वेळां आमच्या लक्षांत उशिरां आलें कीं हा मनुष्य अभिनय करीत आहे. थोड्या वेळानें सॅम मरतो, तोही पडद्याबाहेर. बातमीच काय ती कळते. शेवटीं गांवचें चित्रपटगृह बंद होतें तेव्हां तेथें लागलेला अखेरचा चित्रपट म्हणजे 'रेड रिव्हर', एक वेस्टर्नच.

१० एप्रिल १९७२ च्या रात्रीं सहायक नटाचें ऑस्कर पारितोषिक त्याला मिळालें. त्याच चित्रपटांतला तरुण जेफ ब्रिजिस हाही त्याच पारितोषिकासाठीं उभा होता. चार्ली चॅप्लिन वीस वर्षांच्या वनवासानंतर अमेरिकेंत येऊन सन्मान घेत होता तीही हीच रात्र, त्यामुळें दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत कोणाचें छायाचित्र मोठें असावें याचा निर्णय आधींच झाला होता. जॉन्सन व्यासपीठावर आला आणि म्हणाला कीं, आपण एक भाषण तयार करीत होतों, पण जितकें घोटावें तितकें तें खोटें होऊं लागलें, म्हणून तें टाकून दिलें. मग, हें याहून चांगल्या माणसाच्या वांट्यास येऊं शकलें नसतें, असें स्वतःविषयींच गंभीर चेहऱ्यानें सांगून तो खालीं उतरला. सभागृह हंसलें. फोर्ड पुढच्याच वर्षीं, ऑगस्ट १९७३ मध्यें वारला.

पारितोषिकानें त्याची ओळ बदलली असें म्हणतां येणार नाहीं. स्टीव्हन स्पिलबर्गच्या 'द शुगरलँड एक्स्प्रेस' (१९७४) मधील पोलीस अधिकारी, 'बाइट द बुलेट' (१९७५) मधील थकलेला म्हातारा स्वार या दोन भूमिका उत्तम. बाकीच्या पुष्कळ आल्या व गेल्या. गांवांतला प्रत्येक नट माझ्याहून चांगला आहे, पण बेन जॉन्सनची भूमिका माझ्याइतकी कोणास येत नाहीं, असें तो म्हणे. आजारी व अनाथ मुलांसाठीं रोडिओचे सामने भरवून पैसा उभा करणें हा त्याचा उत्तरवयांतला उद्योग होता. त्याला स्वतःचें मूल नव्हतें.

८ एप्रिल १९९६ रोजीं ॲरिझोनांतील मेसा या गांवीं तो आपल्या आईला भेटावयास गेला होता. तेथेंच हृदयविकारानें त्याला गांठलें. वय सत्त्याहत्तर. आई नव्वदी ओलांडलेली. ती त्याच्यामागें राहिली. त्याला ओसेज परगण्यांतील पाहस्का गांवीं पुरलें. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा शेवटचा चित्रपट 'द ईव्हिनिंग स्टार' लागला. तोही लॅरी मॅक्मर्ट्री याच्याच कादंबरीवरून घेतलेला, आणि त्यांतही त्याचें काम थोडेंच आहे.